जीवनसत्त्वाचा कारखाना आणि बुरशीचे मर्मस्थान

बी-कॉम्प्लेक्सची गोळी घेतल्यावर काही तासांनी लघवीला गर्द पिवळा रंग येतो, हे तुमच्यापैकी पुष्कळांनी पाहिले असेल. काहींना तर कावीळ झाली की काय, अशी शंका येते! पण घाबरण्याचे काहीच कारण नसते. तो रंग गोळीतील ब२ जीवनसत्त्वाचा असतो. शरीराला हवे तेवढे वापरून झाले की उरलेले ब२ मूत्रावाटे बाहेर पडते. दह्यावर जे पाणी सुटते, त्यालाही हिरवट-पिवळी झाक असते. ती याच जीवनसत्त्वामुळे. त्याचे शास्त्रीय नाव रायबोफ्लेविन. लॅटिन भाषेत 'फ्लेव्हस' म्हणजे पिवळा.

हे जीवनसत्त्व आपल्याला रोज फार थोडे लागते, साधारण एक ते दोन मिलिग्रॅम. पण तेवढेही मिळाले नाही, तर ओठांच्या कडा चिरतात, जीभ लाल होऊन हुळहुळते. दूध, अंडी, पालेभाज्या, मोड आलेली कडधान्ये यांतून आपण ते मिळवतो. आता एक प्रश्न विचारून पाहा. आपण ते दुधातून घेतो, मग गाईला ते कोठून मिळते? वैरणीतून काही मिळते आणि तिच्या पोटातील असंख्य सूक्ष्मजीव तिला बरेचसे तयार करून देतात. आणि वैरणीत ते कोठून आले? वनस्पतीने स्वतः तयार केले. वनस्पती, पुष्कळसे जीवाणू आणि बुरशी हे सारे रायबोफ्लेविन घरीच बनवतात. माणसाला आणि इतर प्राण्यांना मात्र ही कला येत नाही.

ही आपली उणीव वाटते खरी. पण याच उणिवेतून रोगराईविरुद्धचे एक हत्यार घडवता येईल, असे काही शास्त्रज्ञांना वाटते. ते कसे, हे आज आपण पाहू.

घरातलाच शत्रू

बेकरीतला पाव फुगवणारे यीस्ट तुम्हाला माहीत आहे. यीस्ट म्हणजे एकपेशीय बुरशी. याच यीस्टचा एक भाऊबंद आहे कॅन्डिडा आल्बिकन्स. तो फार दूर नाही. पुष्कळ निरोगी माणसांच्या तोंडात व आतड्यात तो मुक्कामाला असतो. एरवी तो निरुपद्रवी असतो, कारण शरीराची प्रतिकारशक्ती आणि शेजारचे जीवाणू त्याला डोके वर काढू देत नाहीत. तान्ह्या बाळाच्या जिभेवर कधी कधी दह्याच्या कवड्यांसारखे पांढरे डाग दिसतात, ते बहुधा त्याचेच काम.

पण माणूस फार अशक्त झाला, कर्करोगाच्या उपचारांनी त्याची प्रतिकारशक्ती खचली, किंवा अतिदक्षता विभागात शिरेतून नळ्या घालून त्याला दिवसच्या दिवस ठेवावे लागले, तर हाच कॅन्डिडा रक्तात शिरतो. तेथून तो मूत्रपिंड, डोळे, हृदय असा कोठेही पोचू शकतो. अशा रोग्याचा जीव धोक्यात असतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये माणसाला रोग करणाऱ्या बुरशींची यादी पहिल्यांदाच प्रसिद्ध केली. त्यात सर्वांत गंभीर गटात चार नावे होती आणि त्यांपैकी दोन कॅन्डिडांची. एक आल्बिकन्स आणि दुसरा ऑरिस. हा ऑरिस २००९ मध्ये जपानमधील एका रोग्याच्या कानात प्रथम सापडला, म्हणून त्याचे नाव 'कानाचा'. पुढे भारतासह अनेक देशांतील रुग्णालयांत तो आढळला. त्याचे काही वाण तर आज उपलब्ध असलेल्या औषधांच्या तिन्ही मुख्य गटांना दाद देत नाहीत.

औषधे इतकी थोडी का?

जीवाणूंवर पेनिसिलिनपासून कितीतरी औषधे आहेत. मग बुरशीवरच औषधांचा दुष्काळ का?

याचे कारण मोठे मजेदार आहे. बुरशी आपली जवळची नातलग आहे! जीवाणूच्या पेशीची रचना आपल्या पेशीपेक्षा फार वेगळी असते. त्यामुळे आपल्याला धक्का न लावता जीवाणूला मारणारे औषध सापडू शकते. यीस्टच्या पेशीत मात्र आपल्या पेशीसारखेच केंद्रक असते, तशाच तंतुकणिका असतात आणि प्रथिने बनवण्याची यंत्रणाही बरीचशी आपल्यासारखीच असते. यीस्टला मारील असे विष बहुधा आपल्यालाही मारक ठरते. म्हणून शास्त्रज्ञांना दोघांमधला फरक शोधून त्यावर नेम धरावा लागतो.

असे फरक थोडेच सापडले आहेत. आपल्या पेशींच्या पटलात कोलेस्टेरॉल असते, तर बुरशीच्या पटलात एर्गोस्टेरॉल. अँफोटेरिसिन बी हे औषध एर्गोस्टेरॉलला जाऊन चिकटते. दुसऱ्या गटातील औषधे एर्गोस्टेरॉल तयारच होऊ देत नाहीत. तिसरा गट बुरशीच्या पेशीभित्तिकेवर हल्ला करतो, कारण आपल्या पेशींना भित्तिका नसतेच. आपल्या महाराष्ट्रानेही या कामाला हातभार लावला आहे. पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्सच्या प्रयोगशाळेत १९६० च्या सुमारास डॉ. मं. ज. तिरुमलाचार व त्यांचे सहकारी यांनी मातीतील एका सूक्ष्मजीवापासून बुरशीनाशक औषध वेगळे केले. संस्थेच्या नावावरून त्याला हॅमायसिन म्हणतात आणि त्या सूक्ष्मजीवाच्या नावात पिंपरीचे नाव गुंफलेले आहे.

पण एर्गोस्टेरॉल आणि कोलेस्टेरॉल ही दोन्ही एकाच कुळातली. अँफोटेरिसिन थोडेबहुत आपल्या पेशींनाही चिकटते आणि मूत्रपिंडांना त्रास देते. २०२१ च्या उन्हाळ्यात करोनानंतर अनेकांना 'काळी बुरशी' झाली, तेव्हा याच औषधासाठी महाराष्ट्रात नातेवाइकांची किती धावपळ झाली, ते तुमच्या घरच्यांना आठवत असेल. ती बुरशी यीस्ट नव्हे, निराळ्या जातीची. पण हाताशी औषधे किती मोजकी आहेत, हे त्या वेळी सर्वांना कळले.

तेव्हा आणखी एखादा फरक सापडला तर हवाच आहे. आता सुरुवातीची गोष्ट आठवा. बुरशी ब२ घरी बनवते आणि आपण ते बनवत नाही. हा कारखानाच बंद पाडला तर?

ही युक्ती नवी नाही

असा प्रयोग पूर्वी एकदा यशस्वी झालेला आहे. १९३० च्या दशकात सल्फा औषधे आली आणि त्यांनी असंख्य रोग्यांना वाचवले. ती काम कशी करतात, हे १९४० मध्ये इंग्लंडमध्ये डी. डी. वुड्स यांच्या प्रयोगांतून उमगू लागले. जीवाणू फोलिक आम्ल हे जीवनसत्त्व स्वतः बनवतात. त्यासाठी लागणाऱ्या कच्च्या मालासारखाच सल्फाचा रेणू दिसतो. जीवाणूचा कारखाना फसतो, खऱ्या मालाऐवजी सल्फा उचलतो आणि काम ठप्प होते. आपण फोलिक आम्ल अन्नातून घेतो. आपल्याकडे तो कारखानाच नाही, मग बंद काय पडणार? आपली उणीव हीच येथे आपली ढाल झाली.

ब२ च्या बाबतीतही असेच करता येईल, असा हा विचार आहे. कॅन्डिडासारखी यीस्टे बाहेरचे ब२ आत घेण्यात फारशी तरबेज नाहीत, असे संशोधक मानतात. शिवाय ब२ वाचून कोणत्याही पेशीचे चालत नाही. हे १९३४-३५ मध्ये स्वीडनच्या ह्यूगो थेओरेल यांनी यीस्टमधीलच एका पिवळ्या विकरावर प्रयोग करून दाखवले. विकर म्हणजे एन्झाइम, पेशीतील रासायनिक क्रिया घडवून आणणारे प्रथिन. थेओरेल यांनी त्याचे दोन तुकडे वेगळे केले. एक होते रंगहीन प्रथिन आणि दुसरा ब२ पासून झालेला छोटा पिवळा रेणू. वेगवेगळे असताना दोघेही निकामी होते. पुन्हा एकत्र आणताच विकर कामाला लागले! अन्नापासून ऊर्जा मिळवण्याच्या क्रियांत अशी ब२ वर चालणारी विकरे ठायी ठायी आहेत. म्हणजे ब२ बंद झाले की पेशीची चूलच विझली.

कारखान्याचा हिशेब

आता कारखान्यात शिरू या. वही-पेन्सिल घ्या, कारण येथे एक सुंदर हिशेब आहे.

रायबोफ्लेविनच्या एका रेणूत कार्बनचे १७ अणू असतात. कच्चा माल दोन प्रकारचा. एक म्हणजे ग्वानोसिन ट्रायफॉस्फेट. त्याचा एक रेणू लागतो आणि त्यात १० कार्बन असतात. दुसरा म्हणजे रिब्युलोज फॉस्फेट ही पाच कार्बनची फॉस्फेट जोडलेली साखर. तिचे दोन रेणू लागतात. एकूण कार्बन किती झाले? १० + ५ + ५ = २०. पण तयार मालात १७ च आहेत. तीन कोठे गेले?

ते तीन फॉर्मिक आम्लाच्या रूपाने बाहेर पडले. मुंगी चावल्यावर जी आग होते, ती ज्या आम्लामुळे, तेच हे आम्ल. मोठ्या रेणूने एक कार्बन सोडला आणि ९ उरले. प्रत्येक साखरेने एकेक सोडला आणि चार-चार उरले. ९ + ४ + ४ = १७. हिशेब जुळला!

साखरेतून एक कार्बन काढण्याचे काम जे विकर करते, तेच आपल्या लेखाचे नायक. त्याचे पूर्ण नाव ३,४-डायहायड्रॉक्सी-२-ब्युटॅनोन ४-फॉस्फेट सिंथेज. एका दमात म्हणून पाहा! यीस्टमधील त्याच्या जनुकाला 'रिब-३' म्हणतात, म्हणून आपणही या विकराला रिब-३ असेच म्हणू.

रिब-३ ची करामत समजण्यासाठी दोऱ्यात पाच मणी ओवा आणि त्यांना १ ते ५ असे क्रमांक द्या. आता कोणी सांगितले की यातला एक मणी काढा, तर तुम्ही कोणता काढाल? अर्थातच टोकाचा. पण रिब-३ टोकाच्या मण्याला हात लावत नाही. ते चौथा मणी काढते! म्हणजे तिसऱ्या आणि पाचव्याच्या मधला दुवा काढून ती दोन टोके पुन्हा जोडते. साखरेच्या सांगाड्याची ही मोडतोड आणि पुनर्बांधणी एकाच विकराच्या एका खाचेत होते. म्युनिकजवळच्या गार्खिंग येथे आडेलबर्ट बाखर व त्यांचे सहकारी यांनी खुणेचे कार्बन अणू वापरून या मार्गाचा बराचसा छडा लावला. कोणता कार्बन कोठून निघाला आणि कोठे पोचला, हे खुणेच्या अणूवरून कळते. पायाला कडी अडकवून सोडलेला पक्षी पुन्हा कोठे सापडला हे पाहावे, तसेच हे.

उरलेले चार कार्बनचे तुकडे पुढे दुसऱ्या विकरांच्या हाती जातात. असे दोन तुकडे मिळून आठ कार्बन होतात. रायबोफ्लेविनच्या तीन कड्यांपैकी एका टोकाचे कडे आणि त्याला लटकलेले दोन मिथिल गट या आठ कार्बनांचे असतात. म्हणजे रिब-३ थांबले, तर जीवनसत्त्वाची ही बाजू उभीच राहणार नाही.

न दिसणारे पाहायचे कसे?

यंत्र बंद पाडायचे, तर त्याची रचना माहीत हवी. कुलूप पाहिल्यावाचून बनावट किल्ली करता येत नाही. विकर आणि त्याचा कच्चा माल यांना कुलूप-किल्लीची उपमा जर्मन रसायनशास्त्रज्ञ एमिल फिशर यांनी १८९४ मध्येच दिली होती. पण या कुलपाचे छिद्र पाहायचे कसे? दृश्य प्रकाशाची तरंगलांबी सुमारे ४००० ते ७००० अँगस्ट्रॉम. (एक अँगस्ट्रॉम म्हणजे एका मिलिमीटरचा एक कोटीवा भाग.) अणू मात्र एक-दोन अँगस्ट्रॉमचे. कितीही चांगला सूक्ष्मदर्शक घेतला तरी प्रकाशाला ते टिपता येत नाहीत. त्यासाठी तेवढीच लहान तरंगलांबी असलेले क्ष-किरण लागतात.

पद्धत थोडक्यात अशी. प्रथम विकराचे जनुक प्रयोगशाळेतील जीवाणूत घालून भरपूर विकर तयार करवून घेतात. ते शुद्ध करून त्याचे द्रावण अगदी सावकाश दाट होऊ देतात. पाकातून खडीसाखर जमावी, तसे प्रथिनाचे स्फटिक जमतात. मात्र खडीसाखर जमवणे सोपे आणि प्रथिन जमवणे अवघड! कित्येकदा शेकडो प्रयत्न करावे लागतात. असा स्फटिक क्ष-किरणांच्या झोतात धरला की किरण विखुरतात आणि ठिपक्यांची नक्षी उमटते. नक्षीतील प्रत्येक ठिपक्याची तीव्रता मोजून, गणिताच्या साहाय्याने उलटे मागे जाऊन, अणू कोठे बसले असतील ते काढतात. तयार झालेली रचना तपासण्यासाठी मद्रासच्या गो. ना. रामचंद्रन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६३ मध्ये दिलेला 'रामचंद्रन आलेख' आजही जगभर वापरतात.

कॅन्डिडा आल्बिकन्सच्या रिब-३ ची रचना २००४ मध्ये म्युनिकच्या शास्त्रज्ञांनी प्रसिद्ध केली. त्यांत बाखर होते आणि नोबेल पारितोषिक मिळालेले स्फटिकशास्त्रज्ञ रॉबर्ट ह्यूबरही होते. त्यांनी नुसते विकर पाहिले नाही, तर रिब्युलोज फॉस्फेट त्याच्या खाचेत बसलेले असतानाची रचना पाहिली. म्हणजे किल्ली कुलपात असतानाचे चित्रच. त्याची सूक्ष्मता होती १.६ अँगस्ट्रॉम. ही किती, याचा अंदाज घ्या. दोन कार्बन अणूंमधील साध्या बंधाची लांबी सुमारे १.५४ अँगस्ट्रॉम असते. म्हणजे शेजारशेजारचे अणू जवळजवळ सुटे ओळखता यावेत इतके हे चित्र स्पष्ट होते.

त्यात काय दिसले? रिब-३ ही जोडी आहे. सुमारे दोनशे ॲमिनो आम्लांची एक साखळी विशिष्ट प्रकारे दुमडून गोळा होते आणि असे दोन अगदी सारखे गोळे एकमेकांना चिकटून असतात. जेथे ते चिकटतात, त्या सांध्याजवळच कामाच्या खाचा आहेत. या कुळातील विकरांत एका गोळ्याने बनवलेल्या खाचेला दुसरा गोळाही आपली काही ॲमिनो आम्ले पुरवतो. हात जोडून ओंजळ करावी, तसे. एका हाताची ओंजळ होत नाही! शिवाय मॅग्नेशियमचा आयन मिळाल्यावाचून हे विकर काम करत नाही.

भाताच्या करपा रोगाची बुरशी आपल्या कोकणातील शेतकऱ्यांना चांगलीच परिचित आहे. तिच्यातील याच विकराची रचना अमेरिकेतील संशोधकांनी २००२ मध्ये प्रसिद्ध केली होती. एश्चेरिशिया कोलाय या जीवाणूतील त्याच विकराची रचना तर त्याआधीच, २००१ मध्ये कळली होती. या रचना शेजारी शेजारी ठेवल्या की घडण सारखी दिसते. पेशी निरनिराळ्या, पण कारखान्यातील यंत्र एकाच नमुन्याचे.

चित्रापासून औषधापर्यंत

मग औषध तयार झाले का? नाही. रिब-३ बंद पाडणारे औषध अजून बाजारात आलेले नाही. कुलपाचे चित्र मिळाले, तरी किल्ली घडवण्यात बऱ्याच अडचणी आहेत आणि त्या समजून घेण्यासारख्या आहेत.

पहिली अडचण. खाचेत बसणाऱ्या खऱ्या रेणूला फॉस्फेटचा गट आहे आणि त्यावर विद्युत्भार असतो. त्याची हुबेहूब नक्कल केली, तर ती खाचेत छान बसेल, पण भार असलेले रेणू पेशीच्या तेलकट पटलातून सहसा आत शिरत नाहीत. किल्ली उत्तम झाली, पण घराच्या अंगणातच शिरता येत नाही! दुसरी अडचण. रिब्युलोज फॉस्फेट आपल्या पेशींतही असते आणि आपली काही विकरे ते हाताळतात. नक्कल अशी हवी की ती रिब-३ ला फसवील, पण आपल्या विकरांना नाही. खाचेचे अणुअणूंचे चित्र येथेच उपयोगी पडते. तिसरी अडचण. आपल्या आतड्यातील पुष्कळ उपयुक्त जीवाणूही ब२ बनवतात. त्यांचे काय होईल, हेही पाहावे लागेल.

तरी या वाटेचे महत्त्व कमी होत नाही. एकेका औषधाला सरावलेली बुरशी रुग्णालयांत दिसू लागली आहे. एर्गोस्टेरॉल आणि पेशीभित्तिका यांपलीकडचे एखादे मर्मस्थान माहीत असणे हीच मोठी शिदोरी आहे. या विकरांच्या रचना प्रोटीन डेटा बँक या १९७१ पासूनच्या जागतिक संग्रहात ठेवल्या जातात. शाळेतील संगणकावर इंटरनेट असेल, तर शिक्षकांच्या मदतीने तुम्हीही त्या विनामूल्य पाहू शकाल आणि फिरवून दोन्ही गोळ्यांमधला सांधा शोधू शकाल.

करून पाहा आणि विचार करा

१. शिक्षकांच्या देखरेखीखाली बी-कॉम्प्लेक्सची एक गोळी घ्या. वरचे रंगीत आवरण धुऊन टाका, गोळी कुटून पाण्यात ढवळा आणि गाळून घ्या. पिवळे द्रावण दोन सारख्या काचेच्या बाटल्यांत भरा. एक बाटली काळ्या कागदात गुंडाळा आणि दोन्ही दिवसभर उन्हात ठेवा. संध्याकाळी रंगांची तुलना करा. प्रकाशाने ब२ चा नाश होतो. मग दूध काचेच्या बाटलीत उन्हात का ठेवू नये, ते सांगा. (द्रावणाची चव घेऊ नका.)

२. पाच मण्यांच्या दोन माळा आणि दहा मण्यांची एक माळ करा. प्रत्येक माळेतून एक मणी काढून उरलेले १७ मणी मोजा. पाचाच्या माळांतून कोणता मणी काढायचा, हे विसरू नका!

३. समजा, रिब-३ बंद पाडणारे औषध सापडले आणि कोणीतरी ते करप्यासाठी भाताच्या शेतावर फवारायचे ठरवले. रोगी माणसाला जे औषध सुरक्षित ठरले, ते भाताच्या रोपालाही सुरक्षित ठरेल का? उत्तर याच लेखाच्या दुसऱ्या परिच्छेदात दडलेले आहे. वर्गात त्यावर चर्चा करा.